विल्फ ट्रोमन्सची साईट

विल्फ ट्रोमन्सचा उजवा डोळा माझ्या हातून गेला. कारखान्यात ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, मला आणि विल्फला.

आम्ही बर्मिंगहॅमजवळच्या क्रॅडलीत साखळ्यांच्या कारखान्यात दुरुस्ती खात्यात होतो. सत्तावन्न सालच्या ऑगस्टमध्ये एका प्रेसची पिन अडकली. विल्फनं वाकून तिच्यावर सुंभा, म्हणजे पिन ठोकायचा पोलादी दांडा, धरला आणि मी वरून हातोडा घातला. मार खाऊन खाऊन त्या सुंभ्याचं डोकं फुललं होतं, कडेनं पोलादाच्या पाकळ्या सुटल्या होत्या. असं डोकं ग्राइंडरवर घासून घ्यायचं असतं, नाहीतर कपची उडते. आदल्या दिवशी मीच तो घासायचा म्हणून बाजूला ठेवला होता. सकाळी घाईत तोच उचलला. तिसऱ्या घावाला विल्फ नुसतं "अरे" म्हणाला आणि खाली बसला. ओरडला वगैरे नाही. बोटांमधून रक्तही फारसं आलं नाही.

चौकशी झाली. माझ्या नावावर आधीच एक ताकीद होती, दुसरी म्हणजे घरी. इस्पितळातल्या खाटेवरून विल्फनं साहेबांना सांगितलं, "सुंभा मीच उचलला रॅकवरून. होरेसनं काय, मी धरला तिथं मारलं."

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "विल्फ, हे तू कशाला..."

"गप रे. तुझी नोकरी घालवून माझा डोळा येणार आहे का परत?"

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही.

डॉक्टर तो डोळा काढून टाकायचं म्हणत होते. विल्फ ऐकेना. त्या डोळ्यानं दिवा लावला-विझवला एवढं कळत होतं आणि त्याला तेवढं पुरे होतं. "काचेची गोटी घालून फिरू? एल्सी रात्री दचकून उठेल," म्हणाला. सप्टेंबरात पट्टी काढून घरी आला. डोळा होता जागेवर, पण दुधाळ, आणि नजर भलतीकडेच.

आमच्याकडे हिवाळ्यात पबापबांत छर्ऱ्याच्या बंदुकीच्या स्पर्धा चालतात. सात यार्डांवर पांढरा रंग फासलेला लोखंडी पत्रा, त्यात मधोमध वाटाण्याएवढं भोक, भोकामागे घंटा. छर्रा भोकातून गेला तर घंटा वाजते, नाहीतर पत्र्यावर काळा डाग पडतो आणि सगळ्यांना दिसतो. 'पाच घण' पबच्या संघात मी यथातथाच होतो. विल्फ मात्र सगळ्या लीगमध्ये नावाजलेला. वडिलांची जुनी बंदूक, पहिल्या युद्धाच्याही आधीची, पण त्याच्या हातात ती ऐकायची.

ऑक्टोबर जवळ आला तसा तो पबात यायचा बंद झाला. मी घरी गेलो तर चुलीपाशी बसलेला.

"क्लेम विचारत होता," मी म्हटलं. क्लेम फोली म्हणजे पबचा मालक आणि संघाचा कप्तान. "तुझं नाव लिहू का म्हणून."

"नाव लिही आणि त्यापुढं घाल, घाण्याचा बैल म्हणून. झापड लावूनच गोळी मारायची ना?"

"डाव्या खांद्यावरून मार."

"डाव्या हातानं मला नाक धड शिंकरता येत नाही, लेका."

"शिकशील. आणि मी तुला पीप साईट बसवून देतो."

त्यानं चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. जुन्या पद्धतीत नळीवरची खाच, टोकावरची माशी आणि समोरचं निशाण, तिन्ही एकदम नजरेत धरावी लागतात. चाळिशी उलटली की त्यातलं एक ना एक पुसट होतंच. पीप साईट मागे, डोळ्याच्या अगदी जवळ बसते. छोट्या चकतीला बारीक छिद्र असतं, त्यातून नुसतं बघायचं. माशी आपोआप मधे येते. नवशिक्या डोळ्याला हेच बरं.

"तुला येतं बसवता?" विल्फ म्हणाला.

"मला काय येत नाही?"

ते वाक्य तोंडातून गेलं आणि आम्ही दोघेही चुलीकडे बघत राहिलो.

बर्मिंगहॅमच्या एका दुकानातून साईट आणली. ती दुसऱ्याच कुठल्या बंदुकीसाठी बनवलेली. विल्फच्या बंदुकीवर तिला बसायला ना खाच होती ना भोक. त्याच्या मागच्या अंगणातल्या धुण्याच्या खोलीत कट्ट्याला व्हाइस होता, तिथं मी तीन दिवस संध्याकाळी काम केलं. आधी दस्ता उतरवला. मग स्प्रिंग दाबात धरून मागचा ठोकळा सोडवला. ती स्प्रिंग सुटली तर बरगडी मोडते, म्हणून विल्फला दाराबाहेर उभं केलं.

"एक डोळा गेलाय, भीती कसली आता," तो बाहेरून म्हणाला.

"दुसरा आहे ना अजून. तिथंच थांब."

भोकं पाडायची ती फक्त ठोकळ्यात. पुढं नळकांड्यात स्क्रूचं टोक डोकावलं तर आतला दट्ट्या त्यावर घासतो आणि बंदूक कायमची बाद. मी मोजून दोन भोकं पाडली, आटे पाडले. मग साईटखाली पोलादाची बैठक केली. ठोकळ्याच्या गोलाईला मेणबत्तीची काजळी लावायची, बैठक टेकवून बघायची, जिथं काळं लागेल तिथं कानस मारायची, परत टेकवायची. असं पन्नासदा तरी केलं असेल. शेवटी सगळी बैठक एकसारखी काळी झाली, तेव्हा स्क्रू आवळले. साईट उंच बसली म्हणून पुढची माशीही नवी, उंच केली. दस्त्याचा फुगवटा उजव्या गालासाठी होता, तो रंध्यानं उतरवला. तेवढं करताना मात्र हात जड झाला. विल्फच्या वडिलांच्या गालानं गुळगुळीत झालेलं लाकूड होतं ते.

एल्सीनं करडे वाटाणे आणि बेकनच्या थाळ्या तिथंच आणून दिल्या. थाळी ठेवताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं, होरेस." मी परत कानस उचलली.

ऑक्टोबरभर विल्फनं अंगणात सराव केला. सुरुवातीला कुंपणाच्या फळ्या फाटल्या, शेजारीण शिव्या देऊन गेली. नोव्हेंबरात तो 'पाच घण'च्या मागच्या खोलीत उभा राहिला, डाव्या खांद्याला बंदूक लावून. समोरच्या संघातल्या एका जाड्यानं टोमणा मारला, "क्लेम, माणसं संपली काय रे? काण्याला उभं केलंस?"

विल्फ न वळता म्हणाला, "तुझ्यासाठी अर्धी नजर पुरे, बाबा. रुंदीच केवढी तुझी."

सगळे हसले. मग त्यानं गाल लाकडाला टेकवला. सात गोळ्या, सहा घंटा. सहाव्या घंटेला क्लेमनं टेबलावर मूठ आपटली, भाजलेल्या डुकराच्या कातडीची बशी उडाली. विल्फ बंदूक खाली ठेवून माझ्याकडे आला आणि माझी मान धरून कपाळाला कपाळ टेकवलं. त्या रात्री मी ऑगस्टनंतर पहिल्यांदा सलग झोपलो. खरं सांगायचं तर मला वाटलं, फिटलं. मोजमाप बरोबर आलं.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात त्याच्या सातपैकी तीन गोळ्या पत्र्यावर लागल्या.

"साईट हलली, होरेस."

मी स्क्रू तपासले. घट्ट. सुट्टीत बंदूक घरी नेली, भिंतीला निशाण लावून मारून पाहिली. छर्ऱ्यावर छर्रा बसत होता. साईट केसभरही हलली नव्हती. तिथंच मला कळायला हवं होतं. पण मी स्वतःला समजावलं, की माझा डोळा वेगळा, त्याचा वेगळा, तो डाव्या बाजूनं बघतो. बैठकीखाली पितळी पत्र्याचा तुकडा सारला आणि परत दिली.

"आता?"

"आता बरंय. पण माशीची कड जरा केसाळ दिसते."

केसाळ कड म्हणजे छिद्र मोठं आहे, हे कुणीही सांगेल. मी लेथवर पितळेची नवी चकती काढली, आधीपेक्षा बारीक छिद्र पाडलं. विल्फनं डोळा लावला आणि त्याचा चेहरा उजळला. "हां! आता कशी टाचणीसारखी दिसते बघ." त्या आठवड्यात परत पाच घंटा वाजल्या. मला कोण आनंद! हातातली कला ती, दुसरं काय.

जानेवारीत परत तेच. मी आणखी बारीक छिद्र पाडलं. परत सुधारलं, आठ-दहा दिवस. मग परत.

या सगळ्यात त्याचा चांगला डोळा लाल होत होता. पबात तो दिव्याकडे पाठ करून बसायला लागला. डोळ्यातून पाणी यायचं, ते बाहीनं पुसायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "क्लेमच्या चुलीचा धूर. आणि एकट्या डोळ्यानं दोघांचं काम करायचं, दमणारच की." मी मान डोलावली. दमणारच की.

एका शनिवारी दुपारी मी चकती घेऊन गेलो तर एल्सीनं मला दोन घरांमधल्या बोळात गाठलं. अंगावर ॲप्रन, हात ओले.

"होरेस, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्याला नीट दिसतंय का रे? काल चहा कपाच्या बाहेर ओतला. मी बोलले तर माझ्यावर खेकसला. सकाळी पेपर उलटा धरून बसला होता, मी आत गेले तर म्हणे गंमत करतोय. तू त्याच्याबरोबर असतोस, बंदूक मारताना बघतोस. डॉक्टरांकडे जा म्हणते तर ऐकत नाही. तू म्हणालास तर ऐकेल."

मला आजही तो बोळ दिसतो. शेवाळलेली वीट, नळाखाली बादली. मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार आहे हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

"डोळ्याचं काही नाही, एल्सी. साईटचा घोळ आहे. त्यानं वैतागलाय तो. मी बघतो."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग श्वास सोडला. "देवा," म्हणाली, "केवढा जीव टांगणीला लागला होता माझा." आणि हसली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी तीन चकत्या काढल्या, छिद्रं चढत्या मापाची पाडायची म्हणून. दोन पाडल्या. तिसरीला छिद्र पाडायच्या आधी भोंगा झाला, तिन्ही खिशात टाकल्या. संध्याकाळी धुण्याच्या खोलीत गॅसच्या उजेडात पहिली मिळाली ती साईटला आवळली आणि बंदूक विल्फच्या हातात दिली. दाराच्या बिजागरीवर नेम धर म्हटलं.

त्यानं गाल टेकवला. बराच वेळ बघत राहिला.

"हं," म्हणाला. "जरा अंधारं आहे. पण माशी गोल मधोमध आहे. ही चालेल, होरेस. ही झकास आहे."

मी खिशात हात घातला. बोटांना दोन चकत्या लागल्या आणि दोन्हीला छिद्र लागलं.

मी वाकून साईटकडे पाहिलं. चकती कोरी होती. तिच्यातून कुणालाच काही दिसणं शक्य नव्हतं.

"विल्फ," मी म्हटलं, "बंदूक खाली ठेव."

"का रे? ही चांगली आहे म्हणतोय ना."

"तिला छिद्रच नाही."

तो तसाच उभा, गाल लाकडाला टेकवलेला. मग हळूच बंदूक खाली घेतली, हातानं चाचपत कट्टा शोधला आणि त्याच्यावर ठेवली. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येत होतं, ते रडण्याचं की दुखण्याचं मला सांगता येणार नाही.

"किती दिवस?" मी विचारलं.

"नाताळपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू साईट नीट करत होतास ना," विल्फ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही तिघं शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण होते, बोलायला शांत. त्यांनी विल्फला अंधाऱ्या खोलीत तासभर तपासलं आणि मग बाहेर येऊन आम्हाला सांगितलं. एका डोळ्यात आरपार जखम झाली की कधीकधी काही महिन्यांनी दुसरा, न दुखावलेला डोळाही सुजतो आणि जातो. असं का होतं ते कुणालाच पुरतं कळलेलं नाही. म्हणूनच जखमी डोळा पहिल्या पंधरवड्यातच काढा म्हणतात.

"सुरुवात कधी झाली?" त्यांनी विचारलं.

"नाताळात," मी म्हटलं. "तरी जानेवारीभर नेम धरत होता."

"तेव्हा आला असता तर नव्या औषधांनी बराचसा डोळा वाचवता आला असता. आता आम्ही प्रयत्न करू." मग त्यांनी कागदावरून मान वर केली. "पण नवल वाटतं. इतक्या सुजलेल्या डोळ्यानं हा माणूस जानेवारीत नेम धरत होता म्हणता?"

मी साईटचं सांगितलं. छिद्रं बारीक करत गेलो ते सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बारीक छिद्रातून अधू डोळ्यालाही काही काळ स्वच्छ दिसतं. आम्ही स्वतः तपासायला तेच वापरतो. तुम्ही फार उत्तम काम केलंत, मिस्टर बिलिंगहॅम. दुर्दैवानं." ते टोचून बोलत नव्हते. म्हणून जास्त लागलं.

एल्सी बाकावर बसली होती, मांडीवर विल्फचा कोट. कोटाच्या आतल्या खिशातून तिनं चौघडी घातलेला कागद काढला आणि मला दिला. सप्टेंबरात इस्पितळातून सुटताना दिलेली सूचना. दुसरा डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं तर त्याच दिवशी या. 'त्याच दिवशी'च्या खाली दोन रेघा.

"आत्ता सापडला," ती म्हणाली. "मला दाखवलाच नव्हता. त्याला माहीत होतं, होरेस. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी तिच्याशेजारी बसलो. मला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं.

"एल्सी, तो सुंभा विल्फनं उचलला नव्हता. मी..."

"मला ऑगस्टपासून ठाऊक आहे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"त्यानं पहिल्याच रात्री सांगितलं. तू घरी यायचास, मी तुला ताट वाढायचे, कधी एक शब्द बोलले? कामावर चुका होतात. माझा बापही भट्टीवरच होता. ते मी तुला कधीच माफ केलं होतं." तिनं माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि परत घड्या घातल्या. "पण मी बोळात तुला विचारलं. हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते मी. आणि तू म्हणालास, साईट."

"मला खरंच वाटत होतं..."

"नाही वाटत होतं तुला. तू फिटर आहेस. साईट हललेली नाही हे तुला त्याच्याआधी कळलं असणार."

खरंच होतं ते.

त्यांनी तीन महिने औषधं घातली, सुया टोचल्या. मे महिन्यात विल्फ घरी आला तेव्हा खिडकी कुठं आहे एवढं त्याला कळत होतं. पुढच्या हिवाळ्यात तेही गेलं. बंदूक एल्सीनं साईटसकट भंगारवाल्याच्या गाडीवर टाकली. क्लेमनं मागितली होती, तिनं दिली नाही. मी कारखान्यात साहेबांपुढे जाऊन सुंभ्याचं खरं सांगितलं. तोपर्यंत ते साहेब बदलून नवे आले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ती फाईल बंद झालीय, जा कामाला. हकालपट्टीची शिक्षासुद्धा मिळाली नाही मला.

विल्फ आंधळ्यांच्या शाळेत ब्रश बांधायला शिकला. कामात चांगला होता. कडवट झाला नाही असं लोक म्हणायचे. पण लोक त्याच्याबरोबर कधी एकटे नसायचे. मी असायचो, कारण दर शनिवारी त्याला कालव्याकाठी फिरायला मीच न्यायचो. त्यानंच निरोप धाडला होता. एकदा पुलाखाली उभे असताना मी विचारलं, "कागद होता खिशात. का गप्प राहिलास रे?"

"गेलो असतो तर त्यांनी सांगितलं असतं," तो म्हणाला. "तुझ्याकडे आलो की तू म्हणायचास, करतो नीट. मला तेच ऐकायचं होतं." मग पाण्याकडे तोंड करून म्हणाला, "कधीकधी मला तुझा इतका राग येतो, होरेस, की इथून तुला ढकलून द्यावंसं वाटतं. पण मग घरी कोण नेणार?"

तो हसला. मी हसलो नाही. तो मस्करी करत नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. मी त्याचा हात काखेत घट्ट धरला आणि आम्ही पुढे निघालो.

हे अकरा वर्षं चाललं, तो जाईपर्यंत. त्या अकरा वर्षांत एल्सीनं मला आत बोलावलं नाही. शनिवारी दार उघडायची, विल्फला पायरी उतरवून द्यायची आणि माझ्या खांद्याच्या वरून रस्त्याकडे बघत म्हणायची, "मफलर घातलाय. पाचला आण."

मी पाचला आणायचो.